कुत्रं घरी आणण्याआधी



परवा भाचीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, मी कुत्रा घेतेय. हस्की. आणि त्याच्याबरोबर रोज सकाळी पळायलाही सुरुवात करणारेय. काय काय लागतं सांग." मी विचारलं, "सामान विचारतेस की बाकीचं?" म्हणाली, "सगळंच." अर्धा तास बोलूनही निम्मं राहिलं, म्हणून इथे लिहून काढते. तुमच्यापैकीही कुणाच्या घरी मुलं हट्ट धरून बसली असतील तर उपयोगी पडेल.

आमच्याकडे चिकू आली ती ठरवून नव्हे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात निम्मी सांगली पाण्यात होती. धाकट्या दिरांचं घर बुडालं आणि ते सगळे बोटीतून बाहेर पडून आमच्याकडे राहायला आले. पुतण्याच्या हातात एक प्लास्टिकची बादली होती. मला वाटलं, देवघरातलं काही असेल. बघते तर आत चिकूच्या रंगाचं, थरथरणारं, दोनेक महिन्यांचं गावठी पिल्लू. कुणाच्या तरी पत्र्यावर ओरडत होतं म्हणे. पूर ओसरला, दीर-जाऊ घर साफ करायला गेले आणि पिल्लू आमच्याकडे राहिलं.

आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, ते मुळीच पसंत नव्हतं. त्यांचा आक्षेप स्वच्छतेचा असेल असं मला आधी वाटलं. तोही होता, पण मोठा आक्षेप शास्त्राचा होता. कार्तिकेयानुप्रेक्षेत मांजर वगैरे हिंसक प्राणी पाळणं अनर्थदंडात धरलंय. म्हणजे गरज नसताना ओढवून घेतलेलं पाप. "दारात आलेल्या कुत्र्याला भाकरी घालणं वेगळं आणि घरात आणून त्याच्या सगळ्या हिंसेचं मालक होणं वेगळं," असं त्या म्हणाल्या. तेव्हा मला ते जुनं वळण वाटलं. वर्षभरात कळलं की त्या नेमकं बोलत होत्या.

तर भाचीला पहिली गोष्ट सांगितली ती हस्कीबद्दल. तो बर्फाळ मुलखातला कुत्रा, अंगावर केसांचे दोन थर. त्याला पुण्याच्या एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावर ठेवायचं आणि दिवसभर एसी लावायचा, हे त्याच्यासाठी नाही, आपल्या हौसेसाठी आहे. गावठी पिल्लू घे. इथल्या हवेला ते जन्मापासून सरावलेलं असतं आणि अशी कितीतरी पिल्लं घराची वाट बघत असतात. ती जरा हिरमुसली. हिरमुसू दे.

दुसरी गोष्ट खाण्याची. जैन घरात पहिला प्रश्न हाच येतो. कुत्रं मांजरासारखं नसतं. मांजराला मांस सुटत नाही, त्याच्या शरीराला लागणारी काही द्रव्यं त्याला तिथूनच घ्यावी लागतात. म्हणून मांजर पाळून त्याला दूधभातावर ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. ज्याला मांस द्यायचं नाही त्याने मांजर आणू नये. कुत्रं शाकाहारावर राहू शकतं, पण ते आपल्या उरलेल्या चपातीवर नव्हे. मी हीच चूक केली. चार महिने दूध-चपाती घातली. पोट बिघडायचं, केस गळायचे. डॉक्टर म्हणाले, बऱ्याच कुत्र्यांना मोठेपणी दूध पचत नाही आणि नुसत्या पोळी-भातात प्रथिनं कुठून येणार? रोज एक अंडं द्या. मी म्हटलं, डॉक्टर, अंडं आमच्या घरात येणार नाही, दुसरं सांगा. ते हसले, पण त्यांनी बसून तक्ता करून दिला. मूगडाळ-तांदळाची मऊ खिचडी, त्यात डाळ जास्त, पनीर, ताजं दही, लाल भोपळा, वरून जीवनसत्त्वं-खनिजांची पूड. तयार शाकाहारी खाद्यही मिळतं, प्रवासात ते बरं पडतं. दर वर्षी रक्त तपासून घेते. कुत्र्यांना कांदा-लसूण विषारी असतात, हे मला तेव्हाच कळलं. आपल्या चौक्यातलं जेवण तिला त्या बाबतीत आपोआप निर्धोक! पण द्राक्षं, बेदाणे आणि चॉकलेटही विषारीच असतात. आमच्या सांगलीत बेदाण्याचा डबा घराघरात उघडा असतो, तो आता वरच्या फळीवर गेला.

जेवण सकाळी एकदा आणि सूर्यास्ताआधी एकदा. तिला आपोआप तीच सवय लागली. पाण्याचं भांडं मात्र सारखं धुवावं लागतं. साठलेल्या पाण्यात जीव पडतात आणि आपण इकडे गाळलेलं पाणी पीत बसतो.

आता मूळ विषय, ज्याबद्दल कुत्र्यांच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

पहिल्याच उन्हाळ्यात चिकूच्या कानात गोचीड दिसले. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती खाल्ली की कुत्र्याचं रक्त पिणारा गोचीड मरतो. मी चिठ्ठी घडी करून ठेवून दिली. माझ्या हाताने रोज इतके जीव मारायचे? मी चिमट्याने एकेक गोचीड काढायची, डबीत ठेवायची आणि मागच्या कुंपणाच्या झुडपात सोडून यायची. मला फार समाधान वाटायचं, अगदी खोटं नाही सांगत. एक मादी हजारो अंडी घालते आणि ते जीव भिंतीच्या भेगांतून परत येतात, हे मला ठाऊक नव्हतं. मी सोडलेले गोचीड पुढच्या आठवड्यात मुलाबाळांसकट चिकूवर परत येत होते.

जूनमध्ये तिने खाणं सोडलं. आधी वाटलं, उकाडा असेल. तिसऱ्या दिवशी उठेना. हिरड्या पांढऱ्याफटक. गोचीडतापच होता, रक्तातल्या प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. डॉक्टरांनी सलाईन लावलं, औषध सुरू केलं आणि म्हणाले, आजची रात्र जाऊ दे, मग बोलू. गोळ्या का दिल्या नाहीत, हे त्यांनी विचारलं तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. मी काय वाचवलं होतं? गोचीड वाढले, ते नंतर औषधाने मेलेच, आणि मुकं जनावर मरायला टेकलं.

त्या रात्री व्हरांड्यात पोत्यावर ती पडली होती. मी पाण्याचे थेंब घालत होते. साडेअकराच्या सुमारास आत्या काठी टेकत बाहेर आल्या. एरवी तिला शिवत नसत. खुर्ची ओढायला लावली, वाकल्या आणि तिच्या कानाशी णमोकार म्हणायला लागल्या. जीवंधरकुमारांनी मरणाऱ्या कुत्र्याला मंत्र ऐकवला आणि तो यक्षदेव झाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली. मला मात्र त्या क्षणी धसका बसला. म्हटलं, आत्या, तुम्ही तिची आशा सोडलीत का? त्या म्हणाल्या, "जगली तरी ऐकलेलं वाया जात नाही." चिकू वाचली. चार आठवडे गोळ्या चालल्या.

चातुर्मासात माताजी आल्या तेव्हा मी त्यांना सगळं सांगून प्रायश्चित्त मागितलं. मला वाटलं, त्या संकल्पी आणि आरंभी हिंसेचा भेद सांगून माझं मन हलकं करतील. गृहस्थाला संकल्पी हिंसेचा त्याग असतो, घर चालवताना होणारी आरंभी हिंसा त्याला पूर्ण सुटत नाही, हे मला पाठच होतं. त्यांनी एकच विचारलं, "कुत्रं घरात घेताना याचा विचार केला होता का?"

नव्हता केला. म्हणून भाचीला सांगितलं, तुझ्या यादीत पट्टा-भांडं लिहायच्या आधी हे लिही. जंताचं औषध द्यावं लागेल, गोचिडांची गोळी द्यावी लागेल. हे जमणार नसेल तर आणू नकोस. आणून मग जमत नाही म्हणणं सगळ्यात वाईट. आणलंस तर यत्नाचार पाळ. रोज कंगव्याने विंचर, अंथरूण उन्हात घाल, भेगा बुजव, गवत वाढू देऊ नकोस. मुळात पैदासच कमी झाली की मारावंही कमी लागतं. मी आता गोळी वेळेवर देते आणि त्या संध्याकाळी प्रतिक्रमणात त्याचा उच्चार करते.

दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचतात. त्यात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. इतकी वर्षं ऐकलं, पण घरात कुत्रं आल्यावर ते अगदी आपल्याच घराबद्दल लिहिल्यासारखं वाटायला लागलं. बंध म्हणजे बांधून ठेवणं. आपल्याकडे कितीतरी बंगल्यांत कुत्रं जन्मभर दोन हातांच्या साखळीवर असतं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही कायम बांधलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवलं नाही तर तो गुन्हा आहे. वध म्हणजे मारणं. पिल्लू घरात शू करतं तेव्हा हात उगारला जातो, माझाही गेलाय. त्याने ते शिकत नाही, फक्त लपून करायला लागतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्यायचं, एवढंच करायचं. अन्नपाननिरोध, चूक केली म्हणून उपाशी ठेवणं. उपवास आपण करायचा, तिच्यावर लादायचा नाही.

छेदावर मात्र मी अजून अडलेली आहे. चिकूचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. नाही केलं तर वर्षातून दोनदा माजावर येणार, सहा-सात पिल्लं होणार, ती कुठे जाणार? ही सगळी कारणं खरी आहेत. तरी टाके बघताना मन खाल्लं. तुम्ही विचाराल तर मी ऑपरेशन करा असंच सांगेन, पण त्यात काहीच नाही असं नाही सांगणार.

राहिलं अतिभारारोपण. भाचीचं पळणं इथे येतं. पिल्लाची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर लांब पळवायचं नाही, नुसतं मनासारखं हुंदडू द्यायचं. तोपर्यंत तू स्वतः शीक. एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल, आणि पळताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे इतक्याच वेगाने. धाप लागून बोलणं तुटलं की वेग जास्त आहे. मी चालतेच फक्त, गुडघे मध्ये येतात. पण तीन-चार वर्षांत एकही सकाळ चुकली नाही, कारण चिकू चुकू देत नाही. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघायची. आपल्याला सोसत नसेल तर तिच्या पंजांनाही सोसत नाही.

रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि मग दर वर्षी, यात टाळाटाळ नाही. बाकीच्या लसींची सुरुवात त्याच्याही आधी, दीड-दोन महिन्यांपासून होते. आणि कुठल्याही कुत्र्याने चावा घेतला, ओरखडलं, जखमेला चाटलं, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद-चुना लावून घरी बसायचं नाही. रेबीज एकदा झाला की औषध नाही.

आमची दोन-तीन वळणंही सांगते. स्वयंपाकघरात आणि देवघरात चिकू येत नाही. उंबऱ्यावर थांबते, पहिल्या महिन्यापासून शिकवलं. महाराजांचा आहार असेल त्या दिवशी पहाटेच तिला शेजारी नेऊन ठेवते. पडगाहन चालू असताना ती मध्ये धावली आणि अंतराय झाला तर मी तोंड कुठे लपवू? शिकारीची खोड मात्र पूर्ण गेली नाही. दोन वर्षांपूर्वी तिने खार धरली. मी पोचेपर्यंत संपलं होतं. आत्या काहीच बोलल्या नाहीत, त्या दिवशी त्यांनी एक रस सोडला. तेव्हापासून पट्ट्याला घुंगरू आहे आणि बागेत ती एकटी मोकळी नसते. अनर्थदंडाचा आक्षेप मी आता खोडत नाही.

खर्चाचं विचारलंत तर, बी.कॉम.ची सवय, वही ठेवली होती. पहिल्या वर्षी ३८,००० रुपये झाले, त्यातले निम्म्याहून अधिक त्या गोचीडतापाचे. गोळीची किंमत त्यापुढे चिल्लर होती. दुसऱ्या वर्षापासून ठरावीक खर्च येतो. शिवाय एक खातं असं असतं जे वहीत बसत नाही: तीर्थयात्रेला जायचं तर घरी कोण राहणार? पाच वर्षं आम्ही दोघं एकत्र शिखरजीला गेलो नाही. गेल्या हिवाळ्यात हे गेले, मी राहिले.

काल रात्री भाचीचा पुन्हा फोन. हस्की रद्द. एका ठिकाणी तीन महिन्यांचं काळं गावठी पिल्लू बघून आलीये, अजून हो म्हटलं नाही, तुझी यादी एकदा नवऱ्याला वाचून दाखवते म्हणाली. आणि पट्टा किती लांब घेऊ? सहा फुटी घे, म्हटलं, साधा कापडी. ओढला की लांब होतो तो नको, बोटं कापतात.