दस्तुरीच्या पुढे

माथेरानला मोटार जाते, पण दस्तुरीपर्यंतच. पुढे गावात मोटारीला मज्जाव आहे. तेथील झाडी टिकली ती बरीचशी या बंदीमुळेच, असे आमचे मत.

2017च्या मे महिन्यात घाटकोपरच्या आमच्या चाळीतील दोन कुटुंबांनी मिळून भाड्याची गाडी केली. आम्ही पडलो कारकून. डिझेल, टोल, पार्किंग यांचे दोन भाग आदल्या रात्रीच वहीत मांडले होते. वाशीचा पूल, पनवेल, चौक, कर्जत, नेरळ, आणि मग तो नागमोडी घाट. पोरे खिडकीला चिकटलेली.

दस्तुरीहून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटर. छोटी आगगाडी 2016 पासून बंद होती. राहिले घोडे आणि हातरिक्षा. आईचे गुडघे दुखरे. हातरिक्षा म्हणजे तांबड्या मातीच्या चढावर एकाने पुढून ओढायचे, बाकीच्यांनी मागून ढकलायचे. आईने उमेदीची वर्षे खडीच्या पाट्या वाहिलेल्या. ती म्हणाली, "माणसानं ओढायचं नि मी बसायचं? नको."

रिक्षावाला शांतपणे म्हणाला, "आजी, तुम्ही नाही बसलात तर आमची चूल कशी पेटायची?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आईजवळ होते. तिने सगळ्यांच्या पिशव्या रिक्षात ठेवायला लावल्या, भाडे पुरते द्यायला सांगितले आणि काठी टेकत बाजूने चालू लागली. वाटभर दोघांच्या गप्पा. दीड तास लागला. लुईझा पॉइंट राहून गेला. बाजाराजवळच्या खंडाळा पॉइंटवर बसलो. समोर खोल दरी, वाऱ्याने आईचा पदर ठरेना.

6 ऑगस्ट 2025 रोजी सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा आदेश दिला. माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्यांच्या जागी ई-रिक्षा. आम्हांला समाधान वाटले. पण नुसती बंदी आली असती तर त्या रिक्षावाल्याचा प्रश्न तसाच राहिला असता.

बातमी आईला वाचून दाखवली. तिने विचारले, "त्या नव्या रिक्षा नावावर कुणाच्या?"

हात ओढणाऱ्यांना त्या आधी द्याव्यात आणि पैसे नाहीत ही सबब सरकारने सांगू नये, असेही आदेशात आहे. तेवढा भाग तिने पुन्हा वाचायला लावला.