मधला आवाज

आमच्या घरांतील एका माणसाला ऐकूं येत नाहीं, असा निकाल आम्हीं गेल्या दिवाळीनंतर केव्हां तरी देऊन टाकला होता. तो माणूस म्हणजे आमचे अण्णा, माझे वडील. खटला चालविण्याची कोणाला गरज वाटली नाहीं. आरोपीचें वय ब्याऐंशी. एवढा पुरावा आम्हांला पुरेसा होता.

दोन वर्षांपूर्वीं चिरंजीवांच्या हट्टाखातर आम्हीं घरीं होम थिएटर आणलें. टेलिव्हिजनच्या दोन अंगांना दोन स्पीकर, त्याच्या पायाशीं मधोमध एक आडवा स्पीकर, कोचाच्या मागें भिंतीवर दोन, आणि कोपऱ्यांत जमिनीवर बसून नुसता घुमणारा सबवूफर. या सहा जणांपैकीं कोणीं केव्हां काय बोलावें हें ठरवून देणारा कारभारी म्हणजे खालच्या फळीवरचा काळा रिसीव्हर. रात्रीं जेवणें झालीं कीं अण्णा आपली खुर्ची ओढून आमच्यांत येऊन बसत. पण दिवाळीनंतर एके दिवशीं ते म्हणाले, "अरे, हे लोक बोलतात काय, तेंच मला कळत नाहीं." आम्हीं आवाज वाढविला. त्याबरोबर बंदुका आणि पार्श्वसंगीत अंगावर धांवून आलें, सौ.नें घाईघाईनें खिडक्या लावल्या, अण्णांनीं कानांवर हात ठेवले. आणि तरीहि त्यांचें म्हणणें तेंच! "गोंगाट ऐकूं येतो रे, बोलणें ऐकूं येत नाहीं."

उतारवयांत आधीं उंच पट्टीचे ध्वनि हरवतात, स, श, फ यांसारखीं व्यंजनें पुसट होतात, आणि मग माणसाला आवाज ऐकूं येतो पण शब्द उमगत नाहींत, असें मीं कोठें तरी वाचलें होतें. ही माहिती खरी आहे. परंतु खरी माहिती भलत्या जागीं बसली म्हणजे ती अज्ञानापेक्षां अधिक घट्ट बसते. अण्णांच्या तक्रारीला तें वर्णन इतकें चपखल लागू पडलें कीं मला माझ्या व्यासंगाचें कौतुकच वाटलें.

उलट पुरावा नव्हता असें नाहीं. सकाळच्या बातम्या अण्णांना स्वच्छ ऐकूं येत. त्या वेळीं रिसीव्हर बंद असे आणि टेलिव्हिजन आपल्या स्वतःच्या तोंडानें बोलत असे, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. स्वयंपाकघरांत सौ. माझ्याशीं हळू आवाजांत बोलली तरी बाहेरून अण्णांचें उत्तर येई. त्यावर आम्ही हंसत असूं, आणि त्याला आम्हीं 'सोयीचा बहिरेपणा' असें नांवहि ठेवलें होतें. मग बोलणें हरवलें आहे हें आम्हां तिघांना कसें कळलें नाहीं? त्याचें कारण सांगायला मला लाज वाटते. चित्रपट कोणत्याहि भाषेंतला असो, पडद्याच्या तळाशीं सबटायटल लावून ठेवायची आम्हांला संवय जडली होती. आम्ही ऐकत नव्हतोंच, वाचत होतों. अण्णांच्या डोळ्यांना तीं धांवणारीं अक्षरें गांठतां येत नसत.

हळूहळू त्यांची खुर्ची पुन्हां त्यांच्या खोलींत गेली. दर रविवारीं ते आपल्या एका जुन्या मित्राला फोन करीत, तोहि बंद झाला. "मला आतां ऐकूं येत नाहीं, उगाच त्याला ओरडावें लागायचें," असें ते सौ.ला म्हणाले. कानांच्या डॉक्टरांची वेळ घेतली, तेव्हां हुज्जत घालणें हा ज्यांचा स्वभाव त्या अण्णांनीं एक शब्दहि काढला नाहीं. नुसती मान हलविली. आम्हीं केलेला निकाल त्यांनीं स्वतःच मान्य केला होता.

डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या रात्रीं चिरंजीव परगांवीं होते. अण्णांचें मन रमावें म्हणून मीं 'शेजारी' लावला. प्रभातचा हा १९४१ सालचा बोलपट त्यांनीं लहानपणीं जत्रेंतल्या तंबूंत पाहिला होता. पडद्यावर केशवराव दाते आणि गजानन जागीरदार बुद्धिबळाचा पट मांडून बसले. ओंठ हलूं लागले. आणि खोलींत जवळजवळ शांतता! भिंतीपलीकडून यावी तशी कांहीं तरी अस्पष्ट घुमघुम, बस्स. मी बटणें चाचपूं लागलों. इतक्यांत अण्णा म्हणाले, "आवाज चालू आहे ना? असूं दे. तूं ऐक, मी नुसता बघतों."

तो आवाज मलाहि येत नव्हता.

त्या रात्रीं मीं रिसीव्हरची पुस्तिका आयुष्यांत प्रथमच मन लावून वाचली. प्रत्येक स्पीकरची हजेरी घेण्याची सोय या यंत्रांत असते. ती चालू केली कीं पावसाच्या सरीसारखा एक आवाज एकेका स्पीकरमधून फिरत जातो. डावीकडे सर आली. मग मध्यें कांहीं क्षण कांहींच नाहीं. मग उजवीकडे, मग मागें. गैरहजर कोण तें कळलें. आतां दोष स्पीकरचा, तारेचा कीं रिसीव्हरचा? मीं आधीं वीज बंद केली. कारण उघड्या तारा एकमेकींना टेकल्या तर यंत्राला इजा होण्याचा संभव असतो. मग डाव्या स्पीकरची तार काढून मधल्याला जोडली. तो तत्काळ बोलला. म्हणजे तो जिवंत होता. रिसीव्हर पुढें ओढून विजेरीनें मागें पाहिलें, तों मधल्या स्पीकरच्या तांबड्या खुंटीतून तार निसटून अर्धें बोट बाहेर लोंबत होती. दिवाळीच्या साफसफाईंत ती फळी मींच पुढें ओढली होती. तांब्याचे तंतू पिळून पुन्हां आंत घातले, खुंटी आवळली. तांबड्याला तांबडी आणि काळ्याला काळी, हेंहि नीट पाहिलें. कारण एखाद्या स्पीकरला तारा उलट लागल्या तर त्याचा पडदा इतरांच्या विरुद्ध हलतो आणि खालच्या पट्टीचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. सारें काम पाव तासाचें होतें.

चित्रपटाच्या ध्वनीचे असे अलग भाग करणारें डॉल्बी डिजिटल १९९२ सालीं 'बॅटमन रिटर्न्स' या चित्रपटाबरोबर चित्रगृहांत आलें, आणि मागाहून घरोघर पोंचलें. त्यांत संवाद बहुतेक मधल्या स्पीकरकडे सोंपविलेले असतात. कोचाच्या टोकाला बसणाऱ्यालाहि बोलणें पडद्यावरच्या ओंठांतूनच येतें आहे असें वाटावें, हा त्यांतला हेतु. जुन्या बोलपटाचा ध्वनि एकपदरी. तो डाव्याउजव्या बाजूंना अगदीं सारखा येतो, आणि आमच्या रिसीव्हरवर लावलेल्या योजनेप्रमाणें जें दोन्ही बाजूंना सारखें तें सारें मधल्याच्याच वांट्याला जातें. म्हणून नव्या चित्रपटांत केवळ संवाद हरवले आणि 'शेजारी' जवळजवळ सबंध हरवला.

पण मला सर्वांत बोंचली ती निराळीच गोष्ट. मधला स्पीकर नाहीं असें या रिसीव्हरला सांगून ठेवलें, तर तो त्याचें बोलणें डाव्याउजव्यांत सारखें वांटून देतो; एक शब्दहि वायां जात नाहीं. परंतु पहिल्या दिवशीं मायक्रोफोन लावून खोलीची पाहणी केली, तेव्हां 'मध्यें स्पीकर आहे' अशी त्यानें नोंद करून ठेवली होती. मागाहून तार निसटली, हें त्याला कोण सांगणार? त्या जुन्या नोंदीवर भिस्त ठेवून तो सात महिने प्रत्येक वाक्य त्या तुटलेल्या तारेकडे इमानानें धाडीत राहिला. मीं तरी दुसरें काय केलें? 'अण्णांना ऐकूं येत नाहीं' एवढी एक नोंद मीं मनांत करून ठेवली, आणि त्यांची प्रत्येक तक्रार मुकाट्यानें त्या रकान्यांत ढकलली. घरांत बिघाड झाला आहे हें एकट्या त्यांनाच कळलें होतें, आणि तें ते पहिल्या दिवसापासून स्वच्छ शब्दांत सांगत होते.

कोणाला कांहीं न सांगतां तार जोडून मोकळें होण्याचा मोह मला झाला, हें कबूल करतों. पण सकाळीं चहाच्या वेळीं मीं अण्णांना सारें सांगितलें. ते बराच वेळ कपाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी बरोबरच सांगत होतों तर!" त्यांच्या स्वरांत राग असता तर मला बरें वाटलें असतें.

डॉक्टरांकडे आम्ही गेलोंच. वयाच्या मानानें थोडी झीज आहे, पण यंत्राची आतां गरज नाहीं, असें त्यांनीं सांगितलें. घरीं येतांच अण्णांनीं मित्राला फोन लावला आणि पाऊण तास खालीं ठेवला नाहीं. रात्रीं ते आपली खुर्ची ओढीत बाहेर आले. मीं 'शेजारी' पुन्हां पहिल्यापासून लावला, आणि संवयीनें माझा हात आवाज वाढवायला गेला.

"अरे, कमी कर जरा," अण्णा म्हणाले, "केवढ्यानें लावतोस! ऐकूं येतें आहे मला."