व्हाइट गेला, पुढे काय?

बोईसरमध्ये पूल खेळायला येणाऱ्या बहुतेकांचा हात आधी कॅरमवर बसलेला असतो. पालघरच्या गणेशोत्सव मंडळांत, तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या खोल्यांवर, कॉलनीत, बोर्ड कुठे ना कुठे मांडलेला असतोच. मीही कॅरमच्या पंचगिरीतूनच पूलच्या टेबलापाशी आलो. म्हणून इथल्या हौशी सामन्यांत वाद कुठे पेटणार, हे मला ब्रेकच्या आधीच दिसतं. नेम आणि कटचा अंदाज पोरं कॅरममधून घेऊन येतात, त्यासोबत फाउलची कल्पनाही येते. ती इथे चालत नाही.

कॅरममधला फाउल म्हणजे उधारी. स्ट्रायकर पॉकेटात गेला की आपली एक सोंगटी बाहेर काढायची. समोरचा ती मधल्या वर्तुळात ठेवतो, ड्यू फिटला. स्ट्रायकरबरोबर आपली सोंगटीही गेली असेल, तर ती आणि वर एक ड्यू अशा दोन सोंगट्या बाहेर येतात, पण पाळी आपलीच राहते. हे अंगात भिनलेला माणूस पूलमध्ये आपला बॉल पॉट करतो, मागोमाग व्हाइट, म्हणजे क्यू बॉलही जातो, आणि हा निवांत क्यूला खडू लावत उभा! त्याला सांगावं लागतं की गेलेला बॉल गेलाच, तो परत लावायचा नाही. पण पाळी संपली आणि व्हाइट आता समोरच्याच्या हातात. बॉल इन हॅन्ड. टेबलावर वाटेल तिथे ठेवून मारायचा. कॅरममध्ये समोरच्याला निदान त्याच्या बेसलाइनवरूनच मारावं लागतं. इथे तीही अट नाही.

गंमत अशी की ही एकच घटना, पण प्रत्येक खेळाचा निवाडा वेगळा. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये दुसऱ्या बॉलला लागून व्हाइट पॉकेटात गेला तर तो फाउल नाहीच, उलट गुण मिळतात: लाल बॉलवरून तीन, दुसऱ्या क्यू बॉलवरून दोन. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ साली कलकत्त्यात ज्या खेळात जागतिक हौशी विजेतेपद मिळवलं, तो हा खेळ. जबलपूरच्या छावणीत जन्मलेल्या स्नूकरमध्ये याच चुकीचे समोरच्याला किमान चार गुण मिळतात, आणि व्हाइट तो ‘डी’मधून खेळतो. एट-बॉल पूलमध्ये गुणच नाहीत, मग दंड कशात मोजणार? तो जागेत मोजला जातो. पूर्वी अमेरिकेतही फाउलनंतर व्हाइट ब्रेकच्या रेषेच्या मागेच ठेवायची पद्धत होती. अजून कित्येक हॉलमध्ये तीच चालते, आणि माझ्या मते तिने खेळ आळशी होतो. रेषेमागून मारणाऱ्याला अडवणारे बॉल आधीच टेबलावर उभे असतील, तर फाउल करणाऱ्याचाच फायदा.

तितकाच गैरसमज कुशनच्या नियमाबद्दल आहे. व्हाइटने आपल्या बॉलला स्पर्श केल्यावर एक तर कुठला तरी बॉल पॉट व्हायला हवा, नाहीतर कुठला तरी बॉल कुशनला लागायला हवा. दोन्ही झालं नाही तर फाउल. कॅरममध्ये स्ट्रायकर कशालाही न लागता फिरून आला तरी फक्त पाळी जाते. त्यामुळे ‘मी लावला ना बॉलला!’ हे वाक्य मला दर सामन्यात ऐकावं लागतं. आणि आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात हा फाउल जास्त होतो. कापड लोकरीचं, दमट हवा शोषून घेतं. मेमध्ये सहज कुशनला टेकणारी हलकी सेफ्टी जुलैत मध्येच थांबते. एसी बंद असलेल्या हॉलमध्ये तर जास्तच.

डबल हिट ओळखायला नजर लागते. व्हाइट आणि पुढचा बॉल यांत बोटभर फट असताना सरळ मारलं, तर सारख्या वजनामुळे व्हाइटने जवळजवळ जागीच थबकायला हवं. तो लगेच पुढच्या बॉलच्याच वेगाने धावला, तर क्यूचं टोक त्याला दोनदा लागलं समजा. आवाजावर जाऊ नका, हॉलमध्ये पंखे असतात.

ब्लॅकवरून, म्हणजे आठ नंबरच्या बॉलवरून, मात्र भांडणंच होतात. ब्रेकला ब्लॅक गेला तर इथे कुणी म्हणतं जिंकलो, कुणी म्हणतं हरलो. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांत दोन्ही नाही: ब्रेक करणाऱ्याने ब्लॅक परत स्पॉटवर लावून खेळावं, नाहीतर नव्याने ब्रेक करावा. ब्लॅकवर मारताना व्हाइट गेला पण ब्लॅक टेबलावरच राहिला, तरीही गेम जात नाही. समोरच्याला बॉल इन हॅन्ड, इतकंच. दोन्ही एकदम गेले, तर गेम गेली. हे ब्रेकच्या आधी मोठ्याने बोलून घ्यावं. तीन शिफ्टमधली, चार राज्यांतली माणसं एका टेबलावर आली की प्रत्येकाच्या गावचा नियम वेगळा निघतो.

पंच नसलेल्या सामन्यांसाठी मला एक पद्धत पटते. १९७९ साली टेरी बेल आणि लॅरी हबार्ट या दोन व्यावसायिक खेळाडूंनी हौशी लोकांसाठी सुरू केलेल्या अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशनच्या लीगमध्येही तीच आहे. चुकून हात लागल्याचा फाउल फक्त व्हाइटपुरता. शर्टाची बाही दुसऱ्या बॉलला लागली तर तो जागेवर ठेवायचा आणि खेळायचं. राहिला प्रश्न ‘आधी कुठला बॉल लागला’ याचा. शंका असेल तर शॉटच्या आधीच तिसऱ्याला बोलवायचं. शॉट झाल्यावर मारणाऱ्याचा शब्द धरायचा. आमच्याकडे तो तिसरा म्हणजे पुढचा नंबर लावून बसलेला माणूस. टेबल लवकर मोकळं व्हावं, एवढाच त्याचा स्वार्थ; पण नीट पाहतो.