मिसाफिर

आपल्याकडच्या घरांत परदेश म्हणजे हज-उमरा, नाही तर आखातातली नोकरी. केवळ एखादा देश पाहायला जाणे ही अजूनही चैन वाटते. म्हणून इस्तंबूलला जायचे ठरले तेव्हा आम्ही आधी हात आखडला तो मुक्कामाच्या खर्चात. मी, पत्नी, मुलगी आणि सत्तरी ओलांडलेली अम्मी अशा चौघांसाठी सिर्केजी भागात, मागच्या गल्लीतले एक साधे हॉटेल घेतले.

सिर्केजी हे एकेकाळी युरोपातून येणाऱ्या ओरिएंट एक्स्प्रेसचे शेवटचे स्थानक होते. १८९० साली सुरू झालेली त्याची इमारत आजही उभी आहे. स्टेशनजवळ लॉज, खानावळी आणि मिठाईची दुकाने असायचीच, तशी ती तिथेही आहेत. आमची खोली एवढीशी होती की मुसल्ले अंथरायचे तर बॅगा पलंगावर ठेवाव्या लागत. लिफ्टमध्ये दोघेच मावत. पण शौचालयात पाण्याची नळी कमोडलाच बसवलेली होती. परदेशात आपल्या माणसाला याचे मोल काय, ते वेगळे सांगायला नको! पहाटे येनी जामीची अजान खोलीत ऐकू येई. येनी जामी म्हणजे नवी मशीद. नाव नवी असले तरी ती सतराव्या शतकातली आहे.

हॉटेल एक नवरा-बायको चालवत. नाश्त्याला ऑलिव्ह, पांढरे चीज, काकडी-टोमॅटो, पाव आणि छोट्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा. पहिल्याच दिवशी खाणे झाल्यावर अम्मी उठली आणि सगळ्यांच्या बश्या गोळा करू लागली. मालकीणबाई धावत आल्या, त्यांनी तिच्या हातातल्या बश्या काढून घेतल्या आणि म्हणाल्या, "ओतुर, तेझे, ओतुर!" तेझे म्हणजे खाला आणि ओतुर म्हणजे बस. आम्ही जुन्नरचे, ओतूर आमच्या शेजारचे गाव. मुलगी हसून हसून बेजार झाली.

अम्मीला मात्र ते अवघड गेले. आमचे जुने घर एसटी स्टँडजवळ होते. शेवटची गाडी चुकलेला माणूस, ओळखीचा असो वा नसो, अब्बा त्याला घरी आणत आणि अम्मी रात्री पुन्हा चूल पेटवी. आयुष्यभर तिने वाढले होते. बसून घेणे तिला ठाऊकच नव्हते.

तिसऱ्या रात्री तिला ताप भरला. आम्ही घाबरलो. परका देश, भाषा येत नाही, खिशात मोजके पैसे. मालकांनी डॉक्टरला फोन केला आणि बाईंनी लाल मसुरीचे गरम सूप लिंबू पिळून आणले. दोन दिवस त्या सकाळ-संध्याकाळ तिच्या उशाशी येऊन बसत. एक तुर्कीत बोले, दुसरी मराठीत. अल्लाहच्या कृपेने ताप उतरला. निघताना मी सूपाचे आणि औषधाचे पैसे विचारले. औषधाचे त्यांनी घेतले. सूपाच्या पैशांना हात हलवून नको म्हणत त्या अम्मीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मिसाफिर."

हा आपलाच मुसाफिर. आपण त्याचा अर्थ प्रवासी असा घेतो, तुर्कीत मात्र मिसाफिर म्हणजे पाहुणा. न सांगता दारात आलेल्याला तर ते 'तान्री मिसाफिरी', देवाचा पाहुणा, म्हणतात. या शब्दामागे जुनी व्यवस्था आहे. मिमार सिनान यांनी १५५७ साली पूर्ण केलेल्या सुलेमानिये मशिदीच्या आवारात लंगरखाना होता आणि वाटसरूंसाठी निवासही, जिथे तीन दिवस फुकट राहता येई. त्याच्याही दोनशे वर्षे आधी इब्न बतूता या मुलखातून गेला. अखी नावाच्या कारागिरांच्या मंडळ्या दिवसाची कमाई एकत्र करून प्रवाशांना जेवू घालत. एका गावात अशा दोन मंडळ्या त्याच्यासाठी भांडल्या आणि तो कोणाचा पाहुणा, हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे लागले!

हे आपल्याला परके नाही. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहत कितीतरी हाजी उतरत. तिथली आठवण अनेक घरांत निघते.

साधे हॉटेल निवडताना मशीद किती जवळ आहे, जिने किती आहेत, मालक स्वतः तिथे राहतो का, एवढे जरूर विचारावे. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व आम्हाला त्या तापाने शिकवले. अम्मी आता म्हणते, "खिलवणं मला येत होतं. कुणी खिलवलं तर शांत बसून खावं, हे त्या बाईनं शिकवलं." सूनबाईने पुढे केलेला चहा ती हल्ली बसल्या जागीच घेते.