बाबांचा निळा टीव्ही

आमच्या लहानपणीच्या डबा टीव्हीला रंगांचे आजारही साधेसुधे व्हायचे. कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग आला की समजायचं, कोणीतरी स्पीकर जवळ आणून ठेवलाय. काचेच्या मागे बारीक छिद्रांची धातूची जाळी असायची. तिला चुंबकत्व आलं की लाल ठिपक्यासाठी निघालेला इलेक्ट्रॉनचा झोत शेजारच्या ठिपक्यावर जाऊन पडायचा. टीव्ही लावताना 'धुम्म' असा आवाज यायचा, आठवतंय? ती डिगॉसिंग कॉइल, जाळीतलं चुंबकत्व घालवणारी. ती गार सेटवरच नीट काम करायची. म्हणजे 'अर्धा तास बंद ठेव, मग लाव' हा घरगुती उपाय चक्क शास्त्रीय होता!

अमेरिकेतल्या टीव्हीला टिंटचं वेगळं बटण असायचं. त्यांच्या एनटीएससी पद्धतीत रंगाची छटा सिग्नलच्या फेजवर ठरायची. वाटेत फेज जरा सरकली की निवेदिका हिरवी. इंजिनियर लोक एनटीएससीचा अर्थच 'नेव्हर द सेम कलर' असा सांगायचे. आपल्याकडे १९८२ साली दूरदर्शन रंगीत झालं ते पाल पद्धतीने. तिच्यात एकाआड एक ओळीला रंगाच्या सिग्नलचा एक भाग उलटा पाठवतात, त्यामुळे छटेतली चूक आपोआप कटते, रंग फार तर थोडा फिका पडतो. चूक होणार हे धरूनच केलेलं डिझाइन. आपल्याला तर बुवा फार आवडतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे बाबा. गेले तीन आठवडे त्यांचं एकच पालुपद, "टीव्ही निळा दिसतोय." आई म्हणे, "तुम्हाला काहीही दिसतं." बायको आणि लेकही आईच्या पार्टीत. बहुमताने टीव्ही चांगला ठरला.

आता मंडळी, एकालाच दिसणारा आणि बाकीच्यांच्या मशीनवर न येणारा बग म्हणजे आमचं रोजचं जेवण. शनिवारी सकाळी चहा घेऊन बसलो. पहिली पायरी, दोष कुठे आहे ते वेगळं काढणं. टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूचे रंग ठीक आणि चित्राचे बिघडलेले, तर दोष केबलमध्ये किंवा सेट-टॉप बॉक्समध्ये. बॉक्स एका भाषेत रंग पाठवतो आणि टीव्ही दुसऱ्या भाषेत वाचतो, असं झालं तर चित्र गुलाबी-हिरवं होतं. मेनूलाही तीच छटा असेल, तर सेटिंग किंवा पॅनल. एलईडी टीव्हीत मागचा पांढरा उजेड बहुतेक वेळा निळ्या एलईडीवर पिवळसर फॉस्फर चढवून केलेला असतो. तो थर खराब झाला की पडदा खरोखरच निळा-जांभळा होतो आणि मग कुठलंही सेटिंग पुरत नाही.

पेनड्राइव्हवरून काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत राखाडी पट्ट्यांचं चित्र लावलं. किंचित निळसर. कलर टेम्परेचर 'कूल'वर होतं. स्टुडिओतलं पांढरं साधारण ६५०० केल्विनचं धरलेलं असतं, कूल त्याच्या बरंच वर जातं. शोरूममध्ये चकाचक दिसतं म्हणून! 'वॉर्म' केलं, पट्ट्या छान राखाडी झाल्या.

"आता?"

"जरा बरा. पण निळाच."

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दीड महिन्यापूर्वी झालंय, डाव्याचं बाकी आहे. म्हटलं, "एक डोळा झाका बरं." उजवा झाकला, पट्ट्या पिवळट. डावा झाकला, निळसर. भिंतीवरच्या कॅलेंडरचंही तेच, पांढऱ्या कागदाचंही तेच.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड अडवतं. हे इतकं हळू होतं की मेंदू त्यालाच पांढरं समजू लागतो. भिंग बदललं की अडवलेला निळा एकदम आत येतो. चित्रकार क्लोद मोने यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन १९२३ साली झालं, त्यांचीही नंतर हीच तक्रार होती. बहुतेकांना काही आठवड्यांत-महिन्यांत सवय होते.

बाबा बराच वेळ एकेक डोळा झाकून बघत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे ऑपरेशन बिघडलं नाही ना रे?"

तेव्हा कुठे उलगडा झाला. डाव्या डोळ्याची तारीख ते 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून ढकलत होते, ती याच भीतीने. सरळ सांगितलं तर सगळे घाबरतील, म्हणून बिचाऱ्या टीव्हीवर आळ! सोमवारी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी बोलावून डोळा तपासला, सगळं व्यवस्थित असल्याचं सांगितलं, आणि बाबांनी तिथल्या तिथे दुसऱ्या डोळ्याची तारीख घेतली.

तर मंडळी, घरातलं वडीलधारं माणूस रंगाची तक्रार करत असेल, तर मेकॅनिकला बोलावण्याआधी मेनू बघा, राखाडी पट्ट्या लावा, आणि मग त्यांना एकेक डोळा झाकायला सांगा. फरक दिसला तर डॉक्टरांकडे घेऊन जा. 'काहीही दिसतं तुम्हाला' हे वाक्य मात्र टाळा. ज्याला बग दिसतो, त्याला तो खरंच दिसत असतो.