तीन फुटी

अण्णांनी डिस्नेलँडला यायला तीन वेळा नकार दिला. पहिल्यांदा म्हणाले, "ते पोरासोरांचं." दुसऱ्यांदा तिकिटाचा आकडा विचारला, मनातल्या मनात सत्तरनं गुणलं आणि एवढ्यात कुर्डुवाडीत आमचा दोघांचा किती महिन्यांचा किराणा येतो ते सांगितलं. तिसऱ्यांदा काहीच न बोलता पेपर वाचत राहिले. तो सगळ्यात पक्का नकार.

2019 चा मे महिना. आई पुण्यात वहिनीच्या बाळंतपणात अडकलेली, त्यामुळे अण्णा एकटेच माझ्याकडे अर्व्हाइनला आले होते. दोन आठवडे झाले, तरी रोज सकाळी बाल्कनीत बसून समोरच्या पार्किंगमधल्या गाड्या मोजण्यापलीकडे त्यांना उद्योग नव्हता. रेल्वेच्या कुर्डुवाडी वर्कशॉपात अडतीस वर्षं फिटर म्हणून घालवलेला माणूस असा रिकामा बसलेला मला बघवेना. शेवटी मी तिकिटं काढून टाकली आणि पैसे परत मिळत नाहीत असं सांगितलं. ही मात्रा लागू पडली.

ॲनाहाइम आमच्या घरापासून अर्ध्या तासावर. गाडीत मी जमेल तेवढी माहिती दिली. इथं पूर्वी संत्र्याच्या बागा होत्या, वॉल्ट डिस्नेनं 160 एकर घेतले आणि वर्षभरात हे सगळं उभं केलं. 17 जुलै 1955 ला उद्घाटन झालं तेव्हा ऊन एवढं होतं की नुकतंच ओतलेलं डांबर मऊ पडून बायकांच्या सँडलच्या टाचा त्यात रुतल्या. त्याआधी प्लंबरांचा संप झाल्यामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ करायचे की संडास, यातलं एकच वेळेत होण्यासारखं होतं. डिस्नेनं संडास निवडले.

"शहाणा माणूस," अण्णा म्हणाले. डिस्नेलँडबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द. "पाणी माणूस विकत घेऊन पितो. आषाढीला पंढरपुरात जाऊन बघ म्हणावं, दुसऱ्याची सोय केली नाही की काय होतं."

गेटवर सामान तपासतात. खाण्याचं घरून नेलेलं चालतं, काच चालत नाही. अण्णांच्या पिशवीत सोलापूरहून आणलेली कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. तपासणाऱ्या पोरानं भाकरी हातात घेतली, नखानं वाजवून बघितली आणि माझ्याकडे बघितलं. "ब्रेड," मी म्हणाले. त्यानं ती दोन्ही हातांनी, काचेची असल्यासारखी, परत पिशवीत ठेवली.

आत गेल्यावर आधी किल्ला दिसणार असं मला वाटत होतं. फोटोंत तोच असतो. पण आत शिरल्यावर समोर येतं ते रेल्वेचं स्टेशन. फुलांनी काढलेला मिकीचा चेहरा, त्याच्यावर रुळांचा बांध, बांधावर जुन्या पद्धतीचं घड्याळाचं स्टेशन. पुढं जायचं तर रुळांखालच्या बोगद्यातून जावं लागतं. म्हणजे उद्यानाला कुंपण आहे ते रेल्वेचं. मी बोगद्याकडे वळले आणि अण्णा मागं थांबले. वर कुठंतरी शिट्टी वाजली होती.

"वाफेचं आहे," ते म्हणाले.

"रेकॉर्ड लावलेली असेल हो. इथं सगळं तसलंच असतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मान वाकडी करून ऐकत होते. लहानपणी मी त्यांना असं शेकडो वेळा बघितलंय. हातोडीनं चाक वाजवायचं आणि कान द्यायचा. "खोटं नाही ते. श्वास घेतंय," एवढं बोलून ते स्टेशनच्या जिन्याकडे चालू लागले. पायऱ्या चढताना एरवी गुडघ्यांवर हात ठेवणारा माणूस कठडासुद्धा न धरता वर गेला.

इथं कुर्डुवाडीचं थोडं सांगायला हवं. आमचं गाव म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1897 मध्ये आमच्या स्टेशनापासून बार्शीपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. तेव्हा कुर्डुवाडीच्या स्टेशनचं नाव बार्शी रोड होतं. डब्याच्या एका आसावर पाच टनांच्या वर भार पडू द्यायचा नाही, असा त्याचा हिशेब. त्यामुळे रूळ हलके, खर्च कमी. पुढं ती लाइन पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत गेली. वारीच्या दिवसांत मालडबेसुद्धा माणसांनी भरायचे, टपावर टाळकरी बसायचे. गावात घड्याळ लागत नसे, वर्कशॉपच्या भोंग्यावर भाकरी थापल्या जायच्या. आणि मी कॉलेजला पुण्यात गेले तेव्हा पोरी विचारायच्या, "तुमच्याकडची ती खेळण्यातली गाडी अजून चालते का गं?" मी हसून विषय बदलायचे. वडील काय करतात यावर "रेल्वेत आहेत" म्हणायचे, पुढचं सांगायचे नाही. 2000 नंतरच्या दहाएक वर्षांत सगळी लाइन ब्रॉडगेज झाली आणि तो प्रश्न आपोआप मिटला.

प्लॅटफॉर्मवर गाडी आली. हिरवं-लाल रंगवलेलं, पितळ झळकणारं छोटं इंजिन, मागं उघडे डबे. मुलं ओरडत बसली. अण्णा प्लॅटफॉर्मच्या कडेला उभे राहून रुळांकडे बघत होते.

"अडीच नाही. तीन फूट."

मी फोनवर शोधलं. तीन फूट.

डब्यात बसल्यावर त्यांनी पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले. मला वाटलं, दमले. पण ते सांधे मोजत होते. साधारण वीस मिनिटांत गाडी उद्यानाला प्रदक्षिणा घालते, मध्ये तीन स्टेशनं. एका बोगद्यात भिंतभर ग्रँड कॅन्यन आहे, 1958 चा, जवळजवळ तीनशे फूट लांबीच्या एकसंध कापडावर रंगवलेला. त्याच्यापुढं डायनासोर आहेत, ते 1964-65 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनातून इथं आणलेले. माझ्या शेजारचा छोटा मुलगा डायनासोर बघून रडायला लागला. अण्णांनी एक डोळा उघडला, बघितलं, मिटला.

फेरी संपली, आम्ही उतरलो नाही. दुसरी फेरी झाली. तिसऱ्या वेळी मी हात धरून त्यांना न्यू ऑर्लिन्स स्क्वेअरला उतरवलं, कारण मला पायरेट्स बघायचं होतं. 1967 मध्ये ते सुरू झालं तेव्हा वॉल्ट डिस्नेला जाऊन तीनच महिने झाले होते. अंधारातून नाव जाते, वर चांदणं, दोन्ही काठांवर दारू पिणारे, भांडणारे, किल्ल्या तोंडात धरलेल्या कुत्र्याला गजांआडून बोलावणारे यांत्रिक चाचे. मी पूर्ण हरवून गेले होते. बाहेर आल्यावर अण्णांना विचारलं, कसं वाटलं.

"एकाच पट्ट्यावर पाच-सहा हालचाली बसवल्यात एकेकाच्या. मेंटेनन्सला रात्रपाळी असणार." थोडं थांबून, "ते कुत्रं चांगलं केलंय."

हे ऐकून खरं तर मला राग यायला हवा होता.

नावेतून उतरून आम्ही परत स्टेशनाकडे आलो. जवळच्या ओट्यावर बसून कडक भाकरी चटणीबरोबर मोडली. स्टेशनातून तारेची कट्टकट्ट ऐकू येते, ती म्हणजे डिस्नेच्या उद्घाटनाच्या भाषणाची सुरुवात, तारेच्या लिपीत, दिवसभर. तेवढ्यात एक गाडी आली आणि पाणी घ्यायला थांबली. अण्णा भाकरी ठेवून उठले.

मी मागोमाग धावले. दुभाषा लागेल, हे मी धरूनच चालले होते. अण्णांचं इंग्रजी म्हणजे दुकानात बोट दाखवून "धिस, टू" एवढंच. इंजिनपाशी पंचविशीतली एक फायरमन होती. मुलगी, डोक्याला टोपी, मनगटापासून कोपरापर्यंत वंगणाचा काळा पट्टा. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी बोट वर करून विचारलं, "इंजेक्टर ओके?"

ती चमकली. मग हसली. "इंजेक्टर्स गुड."

"गेज ग्लास, डेली ब्लो डाउन?"

"एव्हरी डे, सर."

"साइड रॉड बुश, ब्रास?"

आणि मग त्यांचं जे सुरू झालं त्यात मला कळेना कोण काय म्हणतंय. क्रॉसहेड, पिस्टन पॅकिंग, स्टे बोल्ट, फ्यूजिबल प्लग. अण्णांचं सगळं इंग्रजी वर्कशॉपात शिकलेलं आहे, आणि इंजिनाच्या बाबतीत त्यात एकही शब्द कमी नाही. मला त्यातले निम्मे शब्द कळत नव्हते. मी त्यांच्या शेजारी, हातात पाण्याची बाटली घेऊन, शाळेच्या ऑफिसबाहेर आईवडिलांची वाट बघणाऱ्या पोरीसारखी उभी होते.

एका ठिकाणी मात्र माझी गरज पडली. हे इंजिन कुठलं, हे अण्णांना नीट समजून घ्यायचं होतं. ती म्हणाली ते मी मराठीत केलं. तीन नंबर, नाव फ्रेड गर्ली, फिलाडेल्फियाच्या बाल्डविन कारखान्यात 1894 मध्ये बनलेलं. डिस्नेनं ते 1958 मध्ये रुळावर आणलं. त्याआधी लुइझियानात होतं, उसाच्या मळ्यात.

"ऊस?" अण्णांनी मला थांबवलं. "ऊस वाहायचं?"

"हो."

"मग हे आपल्याकडचंच की!" सोलापूर जिल्ह्यातला माणूस दुसरं काय म्हणणार. "आणि आमच्या लाइनीपेक्षा तीन वर्षांनी थोरलं. बाल्डविन म्हणजे माहितीये तुला? डब्ल्यूपी इंजिनं पहिल्यांदा त्यांनीच पाठवली, सत्तेचाळीस साली. ते टोकदार नाकाचं." मग नाक वर करून हुंगले. "पण कोळसा नाही हा. भज्यांचा वास येतोय."

मी हे भाषांतर करायला लाजत होते. पण तिनं वास घेतल्याचं बघितलं आणि आपणहून सांगितलं की इंधन बायोडिझेलचं आहे, वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेलं. ते सांगताना मलाच हसू आवरेना. अण्णा हसले नाहीत. इंजिनाकडे बघत बराच वेळ उभे राहिले. "कुर्डुवाडी स्टेशनवर जेवढी भजी तळली," ते शेवटी म्हणाले, "तेवढ्यात आमची लाइन अजून चालली असती."

शिट्टी झाली. तिनं टोपीला हात लावून सलाम केला, तो मला नव्हता.

दुपारभर आम्ही ओट्यावर बसून गाड्या बघितल्या. एका इंजिनानंतर दुसरं. मी फोनवर वाचून सांगत होते, ते ऐकत होते. डिस्नेचं लहानपण मिझुरीतल्या मार्सेलिन गावात, सांता फे रेल्वेच्या लाइनीवर गेलं. पंधराव्या वर्षी तो गाडीत पेपर आणि गोळ्या विकत फिरायचा. "म्हणजे फेरीवाला," अण्णा म्हणाले. पुढं मोठा झाल्यावर त्यानं घराच्या आवारात खऱ्या वाफेवर चालणारी छोटी रेल्वे बांधली, इंजिनाला बायकोवरून लिली बेल नाव दिलं, आणि तिच्या फुलांच्या ताटव्याखालून बोगदा काढला. त्या इंजिनाचे काही भाग स्टुडिओच्या वर्कशॉपात त्यानं स्वतः केले होते.

"मालक? लेथवर?"

"हो. तिथला मुख्य रॉजर ब्रॉगी, त्यानं शिकवलं. इथली पहिली दोन इंजिनंही त्याच्याच हाताखाली बनली."

"आणि नावं कुणाची दिली इंजिनांना?"

मी वाचलं. हॉलिडे, रिप्ले, गर्ली, मार्श. सगळे सांता फे रेल्वेचे साहेब. सुरुवातीला ही लाइन त्याच कंपनीच्या नावानं चालायची, 1974 पर्यंत. पाचवं वॉर्ड किंबॉलचं, तो चित्रकार.

"साहेबांचीच असणार," अण्णा म्हणाले. त्यात तक्रार नव्हती. नटबोल्टाचं माप सांगावं तसं सांगितलं. "फिटरचं नाव इंजिनावर कोण घालतंय."

मी खाली वाचत गेले. फ्लोरिडात डिस्नेचं दुसरं उद्यान आहे. तिथल्या रेल्वेत चार इंजिनं आहेत आणि त्यातल्या एकावर नाव आहे, रॉजर ई. ब्रॉगी.

अण्णांनी फोन माझ्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नाकाजवळ नेली आणि इंजिनाच्या केबिनखाली सोनेरी अक्षरांत लिहिलेलं नाव बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. मग फोन परत दिला. "फ्लोरिडा लांब आहे का?"

"विमानानं पाच तास."

"मग राहू दे."

किल्ला आम्ही बाहेर पडताना बघितला. सत्त्याहत्तर फूट. वरच्या विटा मुद्दाम लहान लावल्यात म्हणून तो उंच वाटतो, असं मी सांगितल्यावर अण्णांनी "हं" केलं. मेन स्ट्रीटवर दिवे लागले होते, माणसं आतषबाजीसाठी जागा धरून बसली होती. आम्ही त्यांच्यामधून वाट काढत स्टेशनाकडे गेलो आणि शेवटची फेरी केली. आतषबाजी सुरू झाली तेव्हा आम्ही गाडीत घरच्या वाटेवर होतो.

पुण्यात सकाळ झाल्यावर आईचा फोन आला. स्पीकरवर घेतला.

"काय हो, झालं का डिस्नेलँड?"

"झालं."

"काय काय बघितलंत?"

"तीन फुटी आहे. बाल्डविनचं, चौऱ्याण्णवचं. अठराशे चौऱ्याण्णव."

पलीकडे थोडा वेळ शांतता. बाळाच्या रडण्याचा आवाज. "अहो, आणि बाकीचं?"

"बाकीचं काय, गर्दी होती." मग काहीतरी आठवून त्यांनी फोन जवळ ओढला. "शेजारच्या नानांना फोन कर आणि सांग, वाफ आहे अजून म्हणावं. पाणी घेताना बघितलं मी. इंजेक्टर दोन्ही चालू."