पिवळा दिवा

मंडळी, महिनाभर इकडे काही लिहिलं नाही, त्याला कारण आमची गाडी. (पुण्याच्या वन्संनी फोन करून "बरी आहेस ना?" विचारलं, म्हणून आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. आजारी होती ती गाडी.)

गाडी २०१४ सालची, छोटी, पेट्रोलची. साठी उलटल्यावर मी हट्टाने चालवायला शिकले ती हीच. तर झालं काय, चेंबूरला भाजी आणायला निघाले आणि मानखुर्दच्या सिग्नलला समोर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. गाडी चालत होती छान. पीयूसीसुद्धा पंधरा दिवसांपूर्वीच पास झालेली. चिरंजीवांना बंगलोरला फोन केला तर म्हणाले, "आई, पीयूसी आहे ना? मग सोड. नाहीतर विकून टाक आता, रिक्षाने फिर." हे दुसरं वाक्य तो दोन वर्षं संधी मिळेल तेव्हा म्हणतोय. असो.

नेहमीच्या गॅरेजमध्ये स्टिअरिंगखाली यंत्र जोडून त्यांनी एक नंबर वाचला, पी ०४२०. "कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला, ३८ हजार." माझा चेहरा बघून लगेच दुसरा उपाय आला. डबा कापून आतली जाळी फोडून टाकायची, रिकामा डबा परत वेल्ड करायचा, दिवा पुन्हा लागणार नाही अशी युक्ती करायची. अडीच हजारांत काम! वर जुना माल ते ठेवून घेणार. खोटं कशाला सांगू, मी जवळजवळ हो म्हणाले होते.

रात्री झोप येईना. मी मराठी माध्यमातली बी.ए., आयुष्यभर इतिहास शिकवला, यंत्राशी संबंध शिवणयंत्रापुरता. पण वाचता तर येतं! त्या डब्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी असते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा अगदी पातळ लेप असतो (जुना माल का हवा होता ते कळलं!). धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं त्यावरून जाताना बरीचशी निरुपद्रवी होतात. आपल्या मुंबईत आणि इतर तीन महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा एप्रिल १९९५पासून सक्तीचा झाला. बिनशिशाचं पेट्रोलही तेव्हाच आलं, कारण शिशाने तो लेप मरतो. तेव्हा पंपावरची ती पाटी मी रोज बघत होते, पण कारण कधी विचारलं नव्हतं. इतिहासाची बाई म्हणवते!

आणि शेजारच्या खोलीत ह्यांचा खोकला ऐकू येत होता. ह्यांना दमा आहे. जानेवारी २०१६मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड पेटलं होतं, तेव्हा आम्ही ओल्या पंचांनी खिडक्यांच्या फटी बुजवल्या होत्या आणि ह्यांचा पंप दिवसातून कितीदा मारला ते मोजायचं सोडून दिलं होतं. त्या धुराला आपण दोष दिला, तो द्यायलाच हवा होता. आणि आता अडीच हजारांत मी स्वतःच आमच्या गल्लीत धूर सोडणार?

दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र नगरकडे एक छोटं गॅरेज आहे तिथे गेले. तिथल्या मुलाने नंबर ऐकून मान हलवली. "मावशी, हा नंबर डबा बदला म्हणत नाही. डब्याचं काम कमी पडतंय एवढंच म्हणतो. कशामुळे ते आपण शोधायचं." मला तो तिथेच आवडला. वर्गाचा निकाल कमी लागला की वर्गच बदलायचा नसतो, हे मी किती मुख्याध्यापकांना सांगत आले!

त्याने पडद्यावर आलेख दाखवला. डब्याच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो, तो नाचायलाच हवा. डबा नीट काम करत असेल तर मागचा बराचसा स्थिर राहतो. आमचा मागचाही वळवळत होता. "गाडी रात्रभर ठेवा, थंड इंजिन बघायचंय." का, तर पाइप तापला की धातू फुगतो आणि फट मिटते.

सकाळी मला मुद्दाम बोलावून त्याने गाडी सुरू केली आणि डब्याच्या अलीकडच्या जोडावर साबणाचं पाणी मारलं. भराभर बुडबुडे! जोडाभोवती काजळीचा काळा डागही होता. तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि सेन्सर फसत होते. गंजलेला एक बोल्ट तुटला, त्यात दोन तास गेले. गॅस्केट, बोल्ट, मजुरी धरून १४०० रुपये. नंबर पुसून त्याने बजावलं, "आता एकदा लांब फिरवून आणा, मग आलेख परत बघू."

मी ह्यांना शेजारी बसवलं आणि वाशीच्या पुलावरून पनवेलपर्यंत गेले (ऑक्टोबर २०२४पासून छोट्या गाड्यांना तिथे टोल नाही, हे एक बरं). परत आल्यावर मागची रेघ बरीच शांत होती. अगदी सरळ नाही, डबाही म्हातारा होतोय. "अजून चालेल," तो म्हणाला. फक्त भाजीपुरती गाडी काढत जाऊ नका, असंही म्हणाला. तो डबा साधारण ३०० अंश तापल्याशिवाय नीट कामच करत नाही, आणि चेंबूर येईपर्यंत तो जेमतेम तापतो.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी आम्ही दोघं पनवेलला जातो. ह्यांना तिथला बटाटेवडा आवडला आहे. चिरंजीवांना अजून कळवलेलं नाही, ते इथे वाचतीलच.